डाव्या बुटाची साक्ष

तीन फेब्रुवारीला माझ्या धाकट्या बहिणीने आपल्या नवऱ्यासाठी दोन हजार तीनशे चाळीस रुपयांचे बूट घेतले. काळे, नाडीचे, चांगल्या जाड तळाचे. पैसे तिचे, पाय त्यांचे. पावती तिने माझ्याकडे ठेवायला दिली, कारण मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे आणि माझ्याकडे दिलेला कागद हरवत नाही असा आमच्या नातेवाइकांत समज आहे. समज खरा आहे.

माझ्या मेहुण्यांना सगळे ‘रीडर’ म्हणतात. वाचनाशी त्यांचा संबंध एवढाच की ते पाणीपुरवठा खात्यात आहेत आणि घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचतात. एकोणतीस वर्षे, रोज पंधरा-सोळा किलोमीटर. लोक घर बांधताना मीटर कुठे बसवतात याचा अभ्यास करायचा असेल तर त्यांना भेटावे. कुंडीच्या मागे, जिन्याच्या खाली, कुत्र्याच्या घराच्या आत. मीटर बघायला येणाऱ्याने आधी लोटांगण घालावे, मग आकडा उतरवावा, अशी बहुतेकांची इच्छा असते. मेहुण्यांनी ती एकोणतीस वर्षे पुरी केली. दार बंद असले तर दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, पण वहीत ‘अंदाजे’ हा शेरा कधी मारला नाही. त्यांच्या कचेरीतले बाकीचे रीडर चहाच्या टेबलावर बसून अख्खी गल्ली वाचून काढतात. मेहुणे त्यांना ‘दिव्यदृष्टीवाले’ म्हणत आणि त्यांच्या टेबलावर बसत नसत.

असा माणूस चोपन्नाव्या वर्षी एकचाकी सायकल शिकू लागला याचा दोषही एका मीटरकडेच जातो. एक कुटुंब घर रिकामे करून चालले होते. मीटर जिन्याखाली होता आणि मीटरच्या पुढ्यात ही एकचाकी उभी होती. मेहुणे म्हणाले, “जरा बाजूला करा.” घरमालक म्हणाला, “घेऊनच जा ना.” फुकट आलेल्या वस्तूचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हा प्रश्न वाणिज्य शाखेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला होता. मेहुणे त्या शाखेत नव्हते. ते घेऊन आले.

सात महिने घरामागच्या गल्लीतल्या भिंतीला धरून ते त्या चाकावर चढत आणि पडत होते. भिंतीचा रंग एका ठरावीक उंचीवर पार गेला. बहीण घरी कपड्यांच्या दुरुस्तीचे काम करते, पँटी आखूड करणे, चेन बदलणे वगैरे. तिच्या मशीनसमोरची खिडकी नेमकी त्या गल्लीत उघडते. “लोकांचे नवरे या वयात दात बसवून घेतात,” ती म्हणाली, “आमचे पाडायला निघालेत.”

पण ते शिकले. एवढ्यावर थांबले असते तर मला हे लिहावे लागले नसते. एकचाकीवर एक पुढची करामत असते, तिला ग्लाइड म्हणतात, असे त्यांना कुठूनसे कळले. उतारावर वेग आला की दोन्ही पाय पेडलवरून उचलायचे. एक पाय चाकाच्या वर फ्रेमवर टेकवायचा आणि दुसऱ्या बुटाचा तळ फिरत्या टायरवर अलगद ठेवायचा. तोल त्या तळाने सांभाळायचा, ब्रेकही त्यानेच लावायचा. पेडले खाली नुसती गरगरत राहतात आणि माणूस वर स्थिर.

“हे कशासाठी?” मी विचारले.

“दादा, एकोणतीस वर्षांत पाय हलवल्याशिवाय एक फूटसुद्धा पुढे गेलो नाही. एकदा पाय न हलवता जायचंय. टाकीच्या रस्त्यानं, वरपासून खालपर्यंत.”

“मग बसमध्ये बसा.”

“बसमध्ये बस जाते हो. मी कुठं जातो?”

मग मी त्यांचे वय काढले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

टाकीचा रस्ता म्हणजे त्यांच्याच खात्याचा. टेकाडावर पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्या फाटकापासून खाली पंपहाउसपर्यंत सरळ उताराचा डांबरी रस्ता. एकशे चाळीस मीटर, टेप लावून मोजलेले. वाहन नाही, वर्दळ नाही, खाली पंपहाउसपाशी खुर्ची टाकून बसलेला एक रखवालदार, आणि तोही बहुतेक वेळा चहाला गेलेला.

पहिल्या एकोणीस दिवसांत त्यांचे जुने बूट संपले. उजव्याच्या तळातून आधी मोजा दिसू लागला, मग मोज्यातून पाय. बँकेच्या कोपऱ्यावर पत्र्याखाली एक मोची बसतो. त्याने तो बूट उलटा करून पाहिला आणि पुन्हा सुलटा केला.

“साहेब, हा झिजला नाही. हा कुणीतरी खाल्लाय.”

बहिणीने त्याच दिवशी एकचाकीला कुलूप लावले. मेहुण्यांनी बोलणे बंद केले. आठ दिवस घरात एक मुका माणूस मीटरची वही घेऊन आत-बाहेर करत होता. नवव्या दिवशी बहिणीचा मला फोन आला. “दादा, ये आणि काय ते लिहून दे. ह्यांच्या तोंडाकडे बघून माझ्या दोन पँटी चुकल्या. एक पाय आखूड, एक लांब.”

अशा रीतीने तीन फेब्रुवारीचे ते बूट आले आणि त्याच संध्याकाळी, पँटींच्या ढिगाऱ्यात जागा करून, मी करारपत्र लिहिले. वेगळे बूट चाकासाठी घ्यावेत असे मेहुण्यांनी सुचवून पाहिले. बहीण म्हणाली, “पाय दोन, बूट दोन. चार कशाला?” तेव्हा बूट हेच, आणि ते पुढच्या तीन फेब्रुवारीपर्यंत टिकले पाहिजेत असे पहिले कलम झाले. दुसरे कलम असे की उजव्या बुटाचा तळ चवड्याखाली आज अकरा मिलिमीटर आहे, तो चारच्या खाली गेला की एकचाकी भंगारात जाईल आणि त्यावर चर्चा होणार नाही. माप दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी घेणार, तळाला लावलेले ठिगळ मापात धरले जाणार नाही, हे तिसरे. त्यासाठी आमच्या कारखान्यातल्या टर्नरकडून मी वाकड्या पायांचा लांब कॅलिपर मागून आणला. त्याचा एक पाय बुटाच्या आत जातो, एक बाहेर राहतो.

चौथे कलम माझ्या डोक्यातून निघाले. कामावर हेच बूट घालायचे. चपला घालून हिंडायचे आणि तळ चाकासाठी वाचवायचा, हे चालणार नाही. पळवाट आधीच बुजवलेली बरी, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव. बहिणीने मान डोलावली, मेहुण्यांनी सही केली. त्या कलमाचा मला बरेच दिवस अभिमान होता.

मग तळ वाचवण्याचे प्रयोग सुरू झाले. प्रथम सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. रबराला रबर भेटल्यावर दोघांनी एकमेकांना सोडलेच नाही. पाय टायरबरोबर पुढे गेला, मेहुणे मागे राहिले. नंतर कापडी चिकटपट्टीचे तीन थर झाले. घर्षणाने गोंद वितळला आणि टाकीच्या रस्त्यावर काळ्या जिभा पडल्या, त्या अजून आहेत. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाखालून फरशीवरच्या प्लास्टिकच्या चटईचा एक तुकडा कापून आणला. कपाटाखाली कोण बघतो, असा त्यांचा विचार होता. तो तुकडा इतका गुळगुळीत निघाला की तोलही नाही आणि ब्रेकही नाही. मेहुणे थेट रखवालदाराच्या खुर्चीत. सुदैवाने रखवालदार चहाला गेला होता. खुर्ची मात्र कामावर हजर होती.

“कपाटाखाली मी बघते,” बहीण संध्याकाळी म्हणाली.

शेवटी चामडे जमले. कमरेचा पट्टा माझा. बिस्किटाएवढा तुकडा, खडबडीत बाजू बाहेर. हलका ठेवला की टायर खालून सरकत जाई, जरा दाबला की पकडे. मोची तो सोल्युशन लावून चिकटवून देई आणि आठ-नऊ दिवस तो टिके. पुन्हा नवा तुकडा. माझा पट्टा हळूहळू मनगटाला बांधण्याइतका उरला.

यातली गंमत मार्चमध्ये माझ्या लक्षात आली. चामडे धरायचे तर तळ आधी कानशीने खरवडावा लागतो.

“जरा कमी खरवड,” मी मोच्याला म्हणालो.

“खरवडल्याशिवाय धरत नाही, साहेब.”

“अरे, पण तळ वाचावा म्हणून तर हे ठिगळ.”

“ठिगळ वाचवतंय की. मी घासतोय ते वेगळं.”

म्हणजे तळ वाचवण्यासाठी तळ घासायचा आणि घासल्याचे पैसे द्यायचे. आमच्या कारखान्यात याला प्रतिबंधक देखभाल म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळा विभाग आहे. मार्चमध्ये माप साडेनऊ आले, एप्रिलमध्ये साडेआठ, मे महिन्यात सात, जूनमध्ये सहा. त्याच काळात मेहुण्यांचे अंतर चार मीटरवरून पंधरा, चाळीस, सत्तर असे चढत गेले. दोन्ही आकडे मी एकाच पानावर शेजारी शेजारी लिहीत होतो. एक रेघ खाली येत होती, एक वर जात होती, आणि त्या कुठे भेटतील यावर आमच्या घरी जेवताना बोलणे होऊ लागले. आमची सौ. म्हणाली, “निवृत्तीनंतर तुम्ही काय कराल याची मला काळजी होती. आता मिटली.”

जुलैच्या पहिल्या रविवारी उजव्याचे माप पाच आले. अंतर शंभर मीटर. मी पानाची बेरीज-वजाबाकी करायला बसलो आणि माझी नजर तिसऱ्या रकान्यावर गेली. तो रकाना कुणी मागितला नव्हता. मला सवयच अशी की जे तपासायचे त्याच्या शेजारचेही लिहून ठेवायचे. तिसरा रकाना डाव्या बुटाचा होता. फेब्रुवारीत अकरा, मार्चमध्ये साडेदहा. मग एप्रिल साडेदहा, मे साडेदहा, जून साडेदहा, जुलै साडेदहा.

न हलणारा आकडा मला एरवी आवडतो. पण हा माणूस रोज सोळा किलोमीटर चालणारा. डावा बूट टायरला लागत नाही हे कबूल, पण रस्त्याला तर लागतो? पहिल्या महिन्यात अर्धा मिलिमीटर देणारा बूट एप्रिलपासून एकदम काटकसरी कसा झाला?

उत्तर त्याच आठवड्यात पोस्टाने आले. माझे पाण्याचे बिल. नेहमीप्रमाणे एकतीस युनिट. फरक एवढाच की त्या दोन महिन्यांतले चार आठवडे आम्ही दोघे मुलीकडे होतो आणि घराला कुलूप होते. मी बॅटरी घेऊन मीटरपाशी गेलो. मीटरवर एक हजार आठशे एकोणतीस. बिलावर एक हजार आठशे सेहेचाळीस. जे पाणी मी अजून वापरायचे होते त्याचेही सतरा युनिट माझ्या मेहुण्यांनी वाचून ठेवले होते. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा मी बिल आल्या दिवशी भरले नाही.

रविवारी मी टाकीच्या रस्त्यावर गेलो. मेहुणे वर फाटकाला टेकून दम खात होते.

“आमच्याकडे मीटर बघायला कधी आला होतात?”

“आलो होतो की, गेल्या महिन्यात.”

“दार कुणी उघडलं?”

“वहिनींनी.”

“वहिनी मुलीकडे होती. मीही.”

मेहुणे चाकाकडे बघू लागले. मी बिल उघडून त्यांच्यापुढे धरले. आकडा वाचायला त्यांना चष्मा लागला नाही.

“किती घरं?” मी विचारले.

“माझ्या वाट्याच्या तीनही गल्ल्या. चारशे बारा.”

“सगळी अंदाजे?”

“अंदाजे कशी, दादा? एकोणतीस वर्षांचा अभ्यास आहे. कोपऱ्यावरचे डॉक्टर अठ्ठावीस. त्यांच्या मागच्या मास्तरीणबाई एकोणीस, उन्हाळ्यात बावीस. डोळे मिटून सांगतो. चार महिन्यांत एक तक्रार नाही.”

“ही आली.”

“तुम्ही न सांगता गेलात.”

“दार वाजवलं असतंत तर शेजाऱ्यांनी सांगितलं असतं.”

त्यांनी एकचाकी फाटकाला टेकवली. मग म्हणाले, “चौथं कलम, दादा. कामावर हेच बूट, चपला नाहीत. घालून गेलो की रोज सोळा किलोमीटर तळ जातो. तुम्हीच काढा हिशेब, वर्षाअखेर काय उरलं असतं? म्हणून बूट घालून निघायचो, आणि गल्ल्यांत न जाता इथं यायचो.”

“आणि दिवसभर?”

“पंपहाउसच्या सावलीत. बूट काढून.”

मी हिशेब काढला. बरोबर होता. चपलांची पळवाट मी अशी काही बुजवली होती की त्यांना जाणेच बंद करावे लागले.

करारात दोन पक्ष होते, तेव्हा दुसऱ्या पक्षाला सांगणे भाग होते. आम्ही घरी आलो तेव्हा बहीण मशीनवर एका पँटीची चेन बदलत होती, तोंडात टाचण्या. मी सगळे क्रमाने सांगितले. तिने एकेक टाचणी काढून डबीत टाकली.

“म्हणजे माझे बूट घरबसल्या पगार खात होते.”

“ऐक तर...” मेहुणे म्हणाले.

“अहो, एक विचारू? त्या दिव्यदृष्टीवाल्यांच्या टेबलावर तुमची खुर्ची ठेवली का मग? की उभ्यानंच चहा घेता?”

मेहुणे मोठ्या माणसांच्या रागावण्याने कधी हलत नाहीत, कुत्र्यांनाही भीत नाहीत. पण त्या वाक्यावर ते खाली बसले, तेही पँटींच्या ढिगावर. म्हणाले, “चारशे बारा घरं परत वाचतो.”

“कशी?”

“चालून.”

“कुठल्या बुटांनी?”

उत्तर त्यांच्या पायांतच होते.

मला वाटले आपण काही तरी करावे. “चौथं कलम थोडं शिथिल करता येईल,” मी म्हणालो. “फेरतपासणीपुरत्या चपला...”

“दादा,” बहीण म्हणाली, “तू आता कलमं नको सुधारूस. तू सुधारलंस की काही तरी होतं.”

त्यांनी चामडे काढून ठेवले आणि चालायला लागले. सकाळी एक गल्ली, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. ज्या घरात चार महिने गेले नव्हते तिथे जाऊन पुन्हा लोटांगण. चारशे बारांपैकी चारशे तीन घरांत त्यांचा अंदाज दोन युनिटांच्या आत निघाला. डॉक्टरांचे सत्तावीस होते. हे ते मला अभिमानाने सांगतील असे वाटले होते, पण ते उरलेल्या नऊंबद्दलच बोलत राहिले. एका घरात मूल झाले होते, एका घरातला म्हातारा गेला होता, आणि दोन्ही बातम्या त्यांना मीटरवरून कळल्या. मास्तरीणबाईंकडे एकोणीसच्या जागी चौसष्ट निघाले. न्हाणीघराखालचा नळ एप्रिलपासून आतल्या आत फुटला होता. बाई एकट्या. ओल भिंतीवर चढत चढत त्यांच्या यजमानांच्या फोटोपर्यंत गेली होती.

“त्या काय म्हणाल्या?” मी विचारले.

“म्हणाल्या, बिल वाढलं असतं तर मला कळलं असतं हो. तुम्ही दर वेळी एकोणीसच लिहिलंत, म्हणून मला वाटलं भिंतच जुनी झाली.”

त्यांनी प्लंबर आपल्या खर्चाने बोलावला. बहिणीला हे त्यांनी सांगितले नाही, मी सांगितले. तिने त्या दिवशी दोन पँटी जास्त केल्या.

मग त्यांनी दुरुस्तीच्या स्लिपा लिहिल्या आणि कचेरीत नेऊन ठेवल्या. साहेब अंदाजे आकड्यांवर रागावले नाहीत. ते स्लिपांवर रागावले. “हे सगळं आता पुन्हा मशीनमध्ये कोण भरणार?” ते म्हणाले. “बरोबर निघाले ते तरी कशाला दुरुस्त केलेत?” कचेरीचे काम विनाकारण वाढवल्याबद्दल मेहुण्यांना लेखी ताकीद मिळाली. अंदाजे आकडे लिहिल्याबद्दल एकोणतीस वर्षांत त्या कचेरीत कुणाला ताकीद मिळाल्याची नोंद नाही.

ऑगस्टमध्ये माप साडेचार आले, डाव्याचे दहा. डावा पुन्हा प्रामाणिक झाला होता. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी उजव्याचे माप चार आणि साडेचारच्या मध्ये कुठे तरी येत होते. मी कॅलिपर तीनदा लावला आणि सव्वाचार लिहिले.

म्हणजे आता एकच ठिगळ शक्य होते, आणि ते लावायला मोच्याची कानस फिरली की तळ चारच्या खाली जाणार. मेहुणे स्वतः त्याच्याकडे गेले. मी सोबत होतो.

“न खरवडता लाव.”

“धरणार नाही.”

“एकदाच लागतंय. चाळीस-पंचेचाळीस सेकंद.”

मोच्याने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “बघा हं. निघालं तर माझ्या नावानं ओरडायचं नाही.”

त्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी सातला आम्ही टाकीच्या रस्त्यावर जमलो. बहीण आली होती. वाटेत दोन गिऱ्हाइकांच्या पँटी पोचवायच्या आहेत म्हणून आले, असे तिने तीन वेळा सांगितले. रखवालदाराने मेहुण्यांना पाहिले आणि आपण होऊन खुर्ची आत नेली. मी खाली पंपहाउसपाशी, बहीण मध्यावर.

मेहुणे वर फाटकापाशी चाकावर चढले, तीन-चार पेडले मारली आणि पाय उचलले. एक फ्रेमवर, एक टायरवर. आतापर्यंत मी त्यांना या चाकावर हात-पाय फेकतानाच पाहिले होते. आता ते सरळ बसून येत होते, हात थोडे बाजूला, कचेरीत खुर्चीवर बसावे तसे. पेडले खाली एकटीच फिरत होती. वीस मीटर, चाळीस, साठ. बहिणीच्या पुढे गेले तेव्हा काही तरी काळे उडून रस्त्याकडेला पडले.

“ठिगळ गेलं!” बहीण ओरडली.

“उतरा!” मी ओरडलो. “उतरा, तळ लागतोय!”

उतरायला काय लागते? पाय खाली टेकायचा. तळ सव्वाचारचा सव्वाचार राहिला असता, चाक राहिले असते, पुढच्या रविवारी असेच न खरवडता नवे चामडे, नवा प्रयत्न. त्यांना ऐकू गेले नसेल असे मला वाटले. नंतर विचारले तर म्हणाले, “दोघांचंही ऐकलं.” पण पाय हलला नाही. जळक्या रबराचा वास मला दहा मीटरवरून आला. ते तसेच, खुर्चीवर बसल्यासारखे, माझ्यासमोरून गेले, पंपहाउसच्या फाटकापाशी बूट दाबून थांबले आणि दोन्ही पायांवर उतरले. हातांवर न उतरण्याची ही पहिलीच वेळ.

बहीण पँटींची पिशवी सांभाळत खाली आली. तिने आधी त्यांच्या कोपरांकडे पाहिले, मग बुटाकडे.

“कसं वाटलं?” मी विचारले.

“पाय गार पडले हो,” मेहुणे म्हणाले. “इतका वेळ गप्प राहायची त्यांना सवय नाही.”

मी कॅलिपर काढला. तळ अजून कोमट होता. साडेतीन. बहिणीने स्वतः वाकून पाहिले आणि माझ्यापुढे हात केला.

“दादा, कागद.”

मी दुसरे कलम मोठ्याने वाचले. वाचताना मला वाटत होते की आता ती म्हणेल, जाऊ दे. पण ती माझी बहीण आहे, आमच्या घरात सही केलेला कागद कुणी जाऊ देत नाही.

“भंगारवाला दहाला येतो,” ती म्हणाली.

“मीच देतो,” मेहुणे म्हणाले, आणि चाक खांद्यावर टाकून घरी चालू लागले.

भंगारवाल्याने एकचाकी काट्याला लावली. पाच किलो सहाशे ग्रॅम, तीस रुपये किलो, एकशे अडुसष्ट. “हिचं दुसरं चाक कुठाय?” त्याने विचारले. बहिणीने गल्लीकडची खिडकी लावून घेतली आणि मशीन सुरू केली. मेहुणे सोमवारी पहिल्या गल्लीपासून वाचायला निघाले, त्याच बुटांनी, कारण पहिले कलम तीन फेब्रुवारीपर्यंत लागू आहे.

भंगारवाल्याकडे सुटे नव्हते. त्याने दीडशे दिले. अठरा रुपये यायचे आहेत.